कागद निम्मा, अक्षर वाचनीय: अभ्यासिकेच्या प्रिंटांसाठी टर्मिनलवरून पानं लावताना

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली दिवसभर बसतात. त्यांचं निम्म्याहून जास्त वाचन आता पीडीएफवर आलंय. जुन्या प्रश्नपत्रिका, शासन निर्णय, क्लासच्या नोट्स, शिक्षकांच्या स्लाइड्स, सगळं मोबाइलवर येतं आणि मोबाइलवर तासन्‌तास वाचून डोळे चुरचुरतात. म्हणून प्रिंट हवी असते, आणि प्रिंट म्हटली की पानामागे पैसे. दोनशे पानांच्या नोट्स एका बाजूला दोन पानं लावून पाठपोट काढल्या तर पन्नास कागदांत बसतात. घरून मोजके पैसे येणाऱ्या मुलांना हा फरक फार मोठा आहे. वाचनालयाच्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे, तेव्हा हे काम मी टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, करायचं ठरवलं. एकदा आज्ञा जमली की पुढच्या प्रत्येक फाइलला तीच चालते, आणि ती कागदावर लिहून भिंतीला लावता येते.

इथे मी आज्ञा देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी.

सुरुवात केली ती सगळ्यात सोप्या वाटेने. लिनक्स आणि मॅकवर छपाईची व्यवस्था कप्स ही प्रणाली पाहते. तिची 'एलपी' ही आज्ञा थेट प्रिंटरकडे फाइल पाठवते. तिला 'नंबर-अप', म्हणजे कागदाच्या एका बाजूला किती पानं, हा पर्याय देता येतो, आणि 'साइड्स'ने पाठपोट छापायला सांगता येतं:

एलपी -ओ नंबर-अप=२ -ओ साइड्स=टू-साइडेड-शॉर्ट-एज नोट्स.पीडीएफ

नंबर-अपला १, २, ४, ६, ९ आणि १६ हे आकडे चालतात. पानांभोवती रेघ हवी असेल तर 'पेज-बॉर्डर=सिंगल'. पानं कुठून कुठे लागावीत ते 'नंबर-अप-लेआउट' सांगतो: नेहमीचा क्रम डावीकडून उजवीकडे आणि मग खाली, पण आधी खाली आणि मग उजवीकडे असंही करता येतं. घाईच्या कामाला हे उत्तम. पण यातून नवी फाइल तयार होत नाही, कागद बाहेर आल्यावरच कळतं काय झालं ते. आमच्याकडचा प्रिंटर लहान आहे, मोठं काम झेरॉक्सच्या दुकानात जातं, तिथे पेन ड्राइव्हवर तयार फाइल न्यावी लागते. शिवाय मूळ पानाचे समास इथे कापता येत नाहीत. पुढे कळलं, सगळं त्या समासांवरच अवलंबून आहे.

म्हणून पीडीएफजॅम. वॉरिक विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फर्थ यांनी लिहिलेली ही छोटी स्क्रिप्ट आहे. खरं काम करतं ते लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतलं आंद्रेआस माथियास यांचं 'पीडीएफपेजेस' पॅकेज, पीडीएफजॅम त्याच्यापर्यंत आपले पर्याय नेऊन पोचवतं. उबुंटूवर ते 'टेक्सलाइव्ह-एक्स्ट्रा-युटिल्स' या पॅकेजमध्ये मिळतं. सोबत टेक लाइव्हचा, म्हणजे लाटेक ज्यात येतं त्या संचाचा, बराच पसारा उतरतो, त्यामुळे वायफाय धड असेल तेव्हाच बसवावं. जुन्या लेखांतून 'पीडीएफनप' आणि 'पीडीएफबुक' या आज्ञा सांगितलेल्या दिसतात. त्या याच स्क्रिप्टच्या जोडआज्ञा होत्या आणि नव्या आवृत्तीत त्या मूळ पॅकेजातून बाहेर काढल्या आहेत. त्या सापडल्या नाहीत म्हणून काही अडत नाही, सगळं पीडीएफजॅमच करतं:

पीडीएफजॅम --नप २एक्स१ --लँडस्केप --पेपर एफोरपेपर --आउटफाइल जोडी.पीडीएफ नोट्स.पीडीएफ

'नप'पुढचा पहिला आकडा उभ्या रांगांचा, म्हणजे शेजारी-शेजारी किती पानं, आणि दुसरा आडव्या ओळींचा. कागदाचं माप मी दरवेळी सांगतेच, किंवा घरच्या फोल्डरमधल्या '.पीडीएफजॅम.कॉन्फ' या फाइलीत ते एकदा लिहून ठेवावं. काही संगणकांवर अमेरिकी लेटर माप गृहीत धरलेलं असतं आणि मग डाव्या-उजव्या बाजूंना विचित्र पांढरे पट्टे राहतात.

ए-फोरवर दोन पानं इतकी नेटकी बसतात यामागे जुनं गणित आहे. कागदाच्या बाजूंचं प्रमाण १ ला दोनाचं वर्गमूळ असेल तर कागद मधून कापल्यावर दोन्ही अर्ध्यांचं प्रमाण तेच राहतं. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात हे लिहिलं होतं, आणि १९२२ साली वाल्टर पोर्स्टमान यांच्या आखणीवरून जर्मनीत ते प्रमाणमाप झालं. आपला २१० बाय २९७ मिलीमीटरचा ए-फोर त्याच कुटुंबातला. म्हणून एका ए-फोरवर दोन ए-फोर लावले की प्रत्येक पान ७१ टक्के होतं आणि जागा जराही वाया जात नाही.

पण ७१ टक्के म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटांचं. चार पानं लावली तर ६ पॉइंटांचं. इंग्रजी मजकूर ६ पॉइंटला कसाबसा वाचता येतो. देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. एवढं सगळं त्याच उंचीत बसवायचं म्हटल्यावर मधला अक्षराचा गाभा आणखी लहान होतो. 'द्ध' आणि 'ध्द', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांतला फरक साध्या लेझर प्रिंटरवर ६ पॉइंटला मिटून जातो. कायद्याच्या कलमांचा अभ्यास करणाऱ्याला अशी प्रिंट देणं मला पटत नाही. मी प्रत्येक नव्या प्रकारच्या फाइलची आधी चारच पानं काढते (फाइलीच्या नावापुढे १-४ लिहिलं की तेवढीच पानं घेतली जातात) आणि ती ज्याला वाचायची आहेत त्याच्याच हातात देते. मराठी मजकूर छपाईनंतर ९ पॉइंटांच्या खाली जाऊ नये, असं या चाचण्यांवरून मी ठरवून टाकलंय.

मग साडेआठचे नऊ कसे करायचे? समास कापून. बहुतेक नोट्सना चारही बाजूंनी एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, कोरा कागद सोडलेला असतो. पान लहान करताना आपण तो कोरा भागही इमानाने लहान करून छापत बसतो. तो आधी काढला तर मजकुराला जागा मिळते:

पीडीएफजॅम --नप २एक्स१ --लँडस्केप --पेपर एफोरपेपर --ट्रिम '१.५सीएम १.५सीएम १.५सीएम १.५सीएम' --क्लिप ट्रू --आउटफाइल जोडी.पीडीएफ नोट्स.पीडीएफ

चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर गेला की पान १८० बाय २६७ मिलीमीटरचं उरतं, आणि ते अर्ध्या ए-फोरमध्ये ७९ टक्क्यांनी बसतं. १२ पॉइंटचं अक्षर ९.४ पॉइंटांचं होतं. कागद तेवढाच, खर्च तेवढाच, आणि अक्षर डोळ्यांना सुसह्य. दोन सेंटिमीटर कापले तर ८२ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण मग मजकूर कागदाच्या कडेपासून जेमतेम चार मिलीमीटरवर येतो आणि बरेच प्रिंटर एवढ्या कडेला छापू शकत नाहीत. शेवटची ओळ अर्धी उमटते. दीडवर थांबणं मला बरं वाटतं.

ट्रिमचे चार आकडे डावी, खालची, उजवी, वरची बाजू या क्रमाने लागतात. हा क्रम भिंतीवरच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिलाय. 'क्लिप ट्रू' सोडायचं नाही, नाहीतर कापलेल्या भागात जे काही छापलेलं असेल ते शेजारच्या पानावर सांडतं. शासन निर्णयांच्या पानांना तळाशी 'पृष्ठ ९ पैकी ४' असा क्रमांक असतो, तो संदर्भ देताना लागतो. म्हणून तिथे खालची बाजू कमी कापते आणि बांधणीसाठी सोडलेला डावा समास जास्त.

हेच काम आपोआप करणारी 'पीडीएफक्रॉप' ही आज्ञाही टेक लाइव्हमध्ये आहे. पण ती प्रत्येक पान त्या-त्या पानाच्या मजकुरापुरतं कापते. प्रकरणाचं शेवटचं पान चार ओळींचं असेल तर त्याचं माप वेगळंच होतं. एकसारख्या पानांच्या नोट्सना मला ट्रिमच जास्त विश्वासाचं वाटतं. फाइल हातात आली की 'पीडीएफइन्फो' या आज्ञेने पानाचं माप पाहून घेते: ए-फोर असेल तर ५९५ बाय ८४२ पॉइंट, लेटर असेल तर ६१२ बाय ७९२. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा क्रमांक दिला की ते प्रत्येक पानाचं माप ओळीने दाखवतं. मोबाइलवरून स्कॅन केलेल्या फाइलींत प्रत्येक पान निराळं निघतं, ते इथेच कळतं.

स्लाइड्सचं गणित वेगळं आहे, आणि त्यात खरी बचत आहे. हल्लीच्या स्लाइड्स १६ बाय ९ प्रमाणाच्या असतात. उभ्या ए-फोरवर दोन रांगा केल्या तर प्रत्येक स्लाइडला १०५ मिलीमीटर रुंदी मिळते, उंची येते ५९. आणि २९७ ला पाचाने भागलं की ५९.४. म्हणजे '२एक्स५' लावल्यावर दहा स्लाइड्स जवळजवळ एकही पट्टी वाया न घालवता बसतात. पण पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या स्लाइडवरचं २४ पॉइंटचं अक्षर त्यात साडेसात पॉइंटांच्याही खाली जातं. नकाशे, आकृत्या, इंग्रजी संज्ञा असल्या तर चालतं. मराठी मजकुराच्या स्लाइड्सना मी आडव्या कागदावर '२एक्स२' लावते, तिथे तेच अक्षर साडेदहा पॉइंटांचं मिळतं. स्लाइडला स्वतःची कड दिसत नाही, म्हणून '--फ्रेम ट्रू' देऊन रेघ मारावी आणि '--डेल्टा "३एमएम ३एमएम"' देऊन मधे थोडी फट ठेवावी. वरून खाली वाचायची सवय असलेल्यांसाठी '--कॉलम ट्रू'.

एकाच वेळी अनेक फाइली दिल्या तर पीडीएफजॅम त्यांची पानं सलग जोडतं. पहिली प्रश्नपत्रिका विषम पानांची असेल तर दुसरी त्याच कागदाच्या उजव्या अर्ध्यावर सुरू होते. प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या मुलांना द्यायच्या असतात, तेव्हा हे चालत नाही. त्यासाठी '--बॅच' आहे: प्रत्येक फाइल स्वतंत्र लावून स्वतंत्र फाइल देतं, आणि '--सफिक्स'ने नावापुढे ओळखीचा शब्द जोडता येतो. आणि एकाच गठ्ठ्यात पण नव्या कागदावर हवी असेल तर पानांच्या यादीत रिकामा महिरपी कंस घालावा, तिथे कोरं पान येतं.

एक गोष्ट प्रत्येकाला आवर्जून सांगते. अशा फाइलीत मूळच्या लिंक्स राहत नाहीत, आणि पीडीएफ वाचताना मारलेले पिवळे हायलाइट, लिहिलेल्या टिपा, भरलेले फॉर्म हेही निघून जातात. एखाद्या मुलीने महिनाभर खुणा करून ठेवलेल्या असतात, त्या प्रिंटवर हव्याच असतात. अशा वेळी आधी पीडीएफ वाचकातून 'फाइलीत प्रिंट' करून घ्यायचं, म्हणजे खुणा पानाचाच भाग होतात, आणि मग ती नवी फाइल पीडीएफजॅमला द्यायची. मजकुराच्या फाँटला मात्र काही होत नाही. पान जसंच्या तसं उचलून ठेवलं जातं, त्यामुळे जोडाक्षरं तुटत नाहीत.

छोट्या पुस्तिकाही आम्ही अशाच काढतो. '--बुकलेट ट्रू --लँडस्केप' दिलं की पानांचा क्रम आपोआप फिरतो: सोळा पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. गठ्ठा मधून दुमडला, दोन पिना मारल्या की झाली ए-फाइव्ह पुस्तिका. पानं चौसष्टच्या वर गेली की आतले कागद बाहेर डोकावायला लागतात, तेव्हा '--सिग्नेचर १६' देऊन चार-चार कागदांचे जुडगे करावेत आणि दोऱ्याने शिवावेत. पाठपोट छापताना छोट्या कडेवरून उलटायचं, नाहीतर मागची बाजू डोक्यावर उभी येते. पाठपोटची सोय नसलेल्या प्रिंटरवर एलपीला 'पेज-सेट=ऑड' देऊन आधी विषम बाजू काढायच्या, गठ्ठा उलटून घालायचा आणि मग 'पेज-सेट=ईव्हन'.

दुकानात फाइल देताना मी मुलांना एकच वाक्य बोलायला सांगते: "दादा, अ‍ॅक्च्युअल साइजवर काढा, फिट करू नका." दुकानातल्या संगणकावर फिट हा पर्याय बहुधा लावलेलाच असतो. आपण मिळवलेले ते सात-आठ टक्के त्यात पुन्हा जाऊ शकतात.

ज्यांच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे त्यांना टेक लाइव्ह बसवायला लावत नाही. त्यांना 'पीडीएफसीपीयू' सांगते. गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा एकाच फाइलीचा प्रोग्राम आहे, त्यालाही 'नप' आणि 'बुकलेट' या आज्ञा आहेत. फक्त क्रम वेगळा: आधी निघणाऱ्या फाइलीचं नाव, मग पानांची संख्या, शेवटी मूळ फाइल.

अभ्यासिकेत कमी दिसणारा एक मुलगाही येतो. त्याच्यासाठी हीच आज्ञा मी उलट्या दिशेने वापरते: तोच दीड सेंटिमीटरचा ट्रिम, पण '--नप १एक्स१ --पेपर एथ्रीपेपर'. समास गेल्यामुळे पान ए-थ्रीवर १५७ टक्के होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर जवळजवळ १९ पॉइंटांचं मिळतं. त्याचा कागद वाढतो. तो खर्च वाचनालय इतरांच्या वाचलेल्या कागदातून भागवतं.