विडी पूर्ण वळून झाल्यावर

निपाणीला आमच्या शेजारच्या काकू विड्या वळत असत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली ओलसर पाने, बोटाला गुंडाळलेला दोरा, असे त्यांचे काम दुपारभर चाले. मी शाळकरी असताना एका दुपारी किराणा दुकानातला मुलगा निरोप घेऊन आला की, मिरजेला दवाखान्यात त्यांचा थोरला भाऊ गेला. काकूंनी मान वर केली नाही. हातातले पान त्यांनी पूर्ण वळले, विडीचे तोंड नखाने दुमडून बंद केले, दोऱ्याचे वेढे दिले, विडी ढिगात ठेवली आणि मग सूप बाजूला सारून त्या उठल्या. त्यानंतर घरात आक्रोश झालाच असणार, परंतु माझ्या आठवणीत तो उरलेला नाही. दोऱ्याचे ते वेढे मात्र अजून जसेच्या तसे दिसतात.

चित्रपटातील भावनेविषयी विचार करू लागलो की मी याच दुपारपाशी येऊन पोहोचतो. वार्ता कानावर पडणे आणि दुःख आत उतरणे, यांच्यामध्ये थोडा वेळ जातो, आणि तो वेळ न कापता पडद्यावर तसाच राहू देणे हे मला दिग्दर्शकाचे फार मोठे धैर्य वाटते.

सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त हरिहर दीर्घ काळाने घरी परततो, तेव्हा मुलगी दुर्गा गेल्याचे त्याला ठाऊक नसते. तो पत्नी सर्वजयेला आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, पोळपाट-लाटणे, लक्ष्मीची तसबीर, आणि मग दुर्गेसाठी घेतलेली साडी. साडी हातात येताच सर्वजयेचा बांध फुटतो, पण तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजते. या प्रसंगाची चर्चा नेहमी तारशहनाईपाशी थांबते. मला स्वतःला पोळपाट-लाटणे अधिक असह्य होते, कारण बाप कौतुकाने ते दाखवत असताना आपल्याला सारे माहीत असते आणि घरधनी मात्र अजून प्रवासातून आलेल्या माणसाच्या आनंदात असतो.

त्याच चित्रपटात पुढे दुर्गेच्या धाकट्या भावाला, अपूला, एक माळ सापडते. दुर्गेवर तिच्या चोरीचा आळ आला होता आणि तिने तो नाकारला होता. अपू ती माळ तळ्यात भिरकावतो, पाण्यावरचे शेवाळ क्षणभर बाजूला होते आणि हळूहळू पुन्हा मिटते. बहिणीचे गुपित भाऊ राखतो, एवढेच घडते. मात्र त्यामागे आळ घेतल्याचा तो आधीचा प्रसंग भक्कम उभा असतो. शांत प्रसंग असा फार आधीपासून पेरावा लागतो. पात्राच्या डोळ्यांत पाणी येण्यापूर्वीच व्हायोलिन सुरू करणाऱ्या अलीकडच्या कौटुंबिक नाट्यांत ही पेरणीच झालेली नसते, म्हणून संगीताला धावून यावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेळगाव-निपाणीकडे राहणाऱ्या माझ्यासारख्याला याची प्रचिती कन्नड चित्रपटांतून अधिक आली. माझे कन्नड बाजारापुरते आणि बसस्थानकापुरते. गिरीश कासरवळ्ळी यांचा १९७७ चा ‘घटश्राद्ध’ पाहताना कित्येक संवाद माझ्या हातून निसटले. पण पाठशाळेतला लहानगा नाणी यमुना या तरुण विधवेला ‘यमुनक्का’ म्हणतो, तो शब्द मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. आमच्या घरातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. गावाने वाळीत टाकून केशवपन केलेली ती अक्का शेवटी झाडाखाली एकटी बसलेली दिसते, आणि वडिलांबरोबर घरी निघालेला नाणी तिच्याकडे पाहतो. वडील चालत राहतात, त्यामुळे त्यालाही चालावे लागते.