पुरवणी गेली कुठं?

रिझल्टमध्ये मायक्रो इकॉनॉमिक्सपुढे नापास बघून मी उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज केला. फी भरली, पीडीएफ आली, इथवर काहीच त्रास नाही. फाइल उघडली आणि डोकंच फिरलं. तिसऱ्या प्रश्नाचा 'ब' शेवटच्या पानावर अर्ध्या वाक्यात तुटलेला, पुढची पुरवणी गायब! त्या अर्ध्या वाक्याला एक मार्क.

ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्यात परीक्षा विभाग गाठला. खिडकीतले काका माझ्या मोबाइलवरच्या फाइलकडे न बघताच म्हणाले, "पुरवणी तुम्हीच बांधली नसेल." मग म्हणे सेंटरला विचारा. सेंटरवाले म्हणाले, गठ्ठे गेले, आता आमचा संबंध नाही. परत खिडकीत आले तर "लेखी द्या." लेखी दिलं, तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. तिकडे पुनर्मूल्यांकनाची मुदत संपत आलेली. काहीही झालं तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथेच बाकावर बसून राहिले.

आणि तिथंच पहिलं पान नीट पाहिलं. पुरवण्यांच्या चौकटीत माझ्या अक्षरात '१', शेजारी पर्यवेक्षकांची सही. प्रिंट काढली, लाल गोल केला आणि खिडकीतून आत सरकवली. काकांचा आवाज एकदम उतरला. पुरवण्यांचे नंबर लिहिलेला हॉलमधला कागदही मग निघाला. पुरवणी स्कॅनिंगला सुटली होती म्हणे. ती चौकट परीक्षेत न विसरता भरा.

मैत्रीण सांगत होती, माहिती अधिकार टाक. हक्क आहेच. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलंय. पण उत्तराला ३० दिवसांची मुदत, तोवर पुनर्मूल्यांकनाची तारीख उलटून जायची.

पुरवणी तपासली, पास झाले. पण दुसऱ्या प्रश्नाला १५ पैकी ६ का, ते अख्ख्या पेपरवर कुठेच नाही, नुसत्या बरोबरच्या खुणा. तपासनिसांपुढे गठ्ठ्यावर गठ्ठा असतो, मान्य. तरी एक ओळ? शेवटी आमच्या मॅडमनी आकृतीवर पेन टेकवलं. "अक्षांना नावं कुठायत? मागणी वक्र सरकलाय की तू त्याच वक्रावरून खाली आलीस, कसं कळणार?" पाच मिनिटांचं काम.

तेव्हा झेरॉक्स आली की आधी विषयाच्या मॅडमना दाखवा. त्या म्हणाल्या तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. माझ्या वर्गातल्या एकीने रागारागात भरले आणि मार्क होते तेवढेच राहिले.