तुम्ही विचारलंत म्हणून : फळ्यावर माझं नाव का नाही

"एस.एस.सी.त पहिल्या आलेल्यांच्या फळ्यावर १९६६ पुढं तुमचं नाव आहे, मग शेजारच्या जी.एस.च्या फळ्यावर त्याच वर्षापुढं दुसऱ्याचं कसं? जी.एस. तर तुम्हीच होतात ना?" माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला की हे मला कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी बरोबरीचे विचारायचे, आता त्यांची नातवंडं विचारतात. यंदा शाळेचा मोठा समारंभ आहे आणि समितीनं परस्पर ठरवूनही टाकलंय, की ही 'रंगाऱ्याची चूक' दुरुस्त करून माझं नाव घालायचं. म्हणून एकदाच सगळं लिहिते. ती चूक नाही. जी.एस., म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडलेली जनरल सेक्रेटरी, मी होते, पण जून ते डिसेंबर १९६५. डिसेंबरात मी बिल्ला परत केला.

मुलगी होते म्हणून नाव गाळलं, असं धरून चालणाऱ्यांना आधी सांगते, तसं काही झालं नाही. साताऱ्यातल्या आमच्या शाळेत मुलीनं जी.एस. होणं नवलाचं होतं हे खरं, पण मला मतं मुलांनीही दिली होती, आणि वडील कां कूं करत होते तेव्हा हेडसरांनीच त्यांना बोलावून समजावलं होतं. नाटकाच्या नादात अभ्यास गेला म्हणून मला काढलं, हेही माझ्या कानावर आलंय. अभ्यास गेला असता तर दुसऱ्या फळ्यावर नाव लागलं नसतं. बोर्डाच्या यादीत मी आले नाही, हे आईला शेवटपर्यंत लागून राहिलं. तिनं त्याचा दोष नाटकाला दिला, मी कधीच दिला नाही.

ते वर्ष कसं होतं, हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडून गेलं, २३ला लढाई थांबली. संरक्षणमंत्री आमच्या कराडचे यशवंतराव, त्यामुळे लढाई घरचीच वाटायची. आणि साताऱ्याच्या आसपास कितीतरी जणांच्या ती खरोखरच घरात होती. अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते उगीच नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. धान्य वाचवायला आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा, असं पंतप्रधान शास्त्रीजींनी सांगितल्यापासून सोमवारी संध्याकाळी आमच्या घरी चूल पेटत नव्हती. शाळेत वर्गावर्गात संरक्षण निधीचे डबे फिरायचे. शनिवारी ते मोजायचे, वहीत लिहायचे आणि हेडसरांची सही घ्यायची, हे जी.एस.चं काम. एकदा एका डब्यात चांदीचं जोडवं निघालं. कुणी टाकलं ते कळलं नाही, आणि ते आकड्यात कसं लिहायचं हेही मला कळेना. हेडसर म्हणाले, "'जोडवं, एक' असंच लिही. किंमत आपण करायची नाही." असे होते ते. त्यांच्याबद्दल पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका.

त्याच दिवसांत हेडसरांनी प्रार्थनेनंतर लेफ्टनंट कर्नल तारापोर यांची हकिगत सांगितली होती. पूना हॉर्सचे तारापोर, सियालकोटच्या आघाडीवर १६ सप्टेंबरला पडले, परमवीरचक्र मिळालं. पुण्यात शिकत असताना ते आपल्या शाळेचे कॅप्टन होते, हे मी फार पुढं कुठंतरी वाचलं, आणि वाचल्यावर बराच वेळ पुस्तक मिटून बसले. शाळेतला पुढारी कशासाठी असतो, हा प्रश्न मला सोळाव्या वर्षी पडला होता आणि त्याचं उत्तर मी एकटीनं, घाईत देऊन टाकलं होतं.

आता नाटिकेकडे येते, कारण सगळं तिथंच घडलं.

स्नेहसंमेलनासाठी ती आमच्या चित्रकलेच्या सरांनी लिहिली होती. मुलामुलींनी एकत्र काम करायची मुभा नव्हती, त्यामुळे हवालदारही मुलगीच, कुणाच्या तरी भावाचा एन.सी.सी.चा खाकी पोशाख चढवून. मी पोस्टमन होते. शेवटच्या प्रवेशात मी तार घेऊन यायचे, फोडायचे, खणखणीत मराठीत वाचायचे, मुलगा देशासाठी कामी आल्याचं सांगायचे आणि वर एक लांबलचक भाषण करायचे. मग हवालदाराची आई म्हणायची, "माझ्या लेकराचं सोनं झालं!" आणि पडदा. तालमीतच टाळ्या पडायच्या.

आईचं काम करत होती दहावीतली एक मुलगी, आमच्या एक वर्ष मागची (तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असायची). जवळच्या खेड्यातून एस.टी.नं यायची. तिचे वडील त्याच लढाईत कामी आले होते. दिवस झाल्यावर ती शाळेत यायला लागली, आणि नाटिकेत घ्या असं तिनं स्वतःहून सांगितलं. सरांनी दोनदा विचारून घेतलं, मग घेतलं. पहिले काही दिवस ती सांगितलेलं सगळं करायची. एका संध्याकाळी मी तार वाचायला लागले आणि ती मध्येच म्हणाली, "तार अशी न्हाई वाचत कुणी."

सर म्हणाले, "मग कशी वाचतात?"

तिनं सांगितलं. तार सकाळी आली. ती इंग्रजीत होती. पोस्टमनला पाकिटावरचं नाव तेवढं वाचता आलं. गावात इंग्रजी येणारे एकच मास्तर, ते पगारासाठी साताऱ्याला गेलेले. मग सगळे थांबले. चुलत्यानं तार हातात धरून ठेवली, खाली ठेवेना. कुणी म्हणालं जखमी झाला असेल, कुणी म्हणालं हुद्दा वाढला असेल. एक म्हातारा म्हणाला, रजा मिळाली असेल, लढाई संपलीच आहे. तिच्या आईनं तेवढंच धरलं. म्हशीची धार काढली, सोपा सारवायला घेतला. दुपारभर सारवत होती. शेवटच्या गाडीनं मास्तर आले, कंदिलाजवळ गेले, तार वाचली, आणि एक शब्द न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय न्हाई. सारवलेलं वलं हुतं, त्यात समदी मान्सं उभी."

सरांनी त्या रात्री प्रवेश पुन्हा लिहून काढला. माझं भाषण गेलं, अख्खं. मला एकच वाक्य उरलं : "इंग्रजीत हाय, मला वाचता येत न्हाई." ते वाक्य मी नंतर आयुष्यभर मनातल्या मनात म्हणून बघितलंय, आणि मला आजही वाटतं की मी रंगमंचावर म्हटलेलं, म्हणजे म्हणायला मिळालं असतं असं, ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं. तालमीत त्या प्रवेशाला टाळ्या पडत नव्हत्या. मुली घरी जाताना बोलत नव्हत्या.

डिसेंबरच्या शेवटी हेडसर तालीम बघायला आले. शेवटच्या प्रवेशानंतर उठले आणि मला खोलीत यायला सांगून गेले.

त्यांचं म्हणणं मी जितकं आठवतंय तितकं प्रामाणिकपणे मांडते. स्नेहसंमेलनात त्या मुलीच्या आईचा सत्कार ठरला होता. ती पहिल्या रांगेत बसणार. "तिच्या समोर तिचाच तो दिवस उभा करायचा? आणि तोही लेकीकडून?" लोक निधीला पैसे द्यायला येणार आहेत, हतबल होऊन घरी जायला नाही, असंही ते म्हणाले. जुना प्रवेश ठेवा, नाहीतर त्या मुलीच्या जागी दुसरी घ्या.

मी म्हटलं, "सर, तिला विचारलंय. तिच्या आईलाही विचारलंय. त्या म्हणाल्या, घडलं तसंच दाव."

"मला विचारलं नाहीस."

"मुलींनी मला तुमच्याशी बोलायला पाठवलंय, सर. परत जाऊन त्यांना काय सांगू?"

"सांग, हेडसर नाही म्हणाले."

पुढचं मी ठरवून केलं नाही. बिल्ला पितळेचा होता, त्याची पिन जाड आणि वाकडी, काढताना पोलक्याचा धागा ओढला गेला. हेडसर बघत होते, थांबवलं नाही. बिल्ला टेबलावर ठेवला तेव्हा एवढंच म्हणाले, "जी.एस.नं नाटिकेवरून राजीनामा द्यायचा नसतो." त्यांनी मला कधी शिक्षा केली नाही, वडिलांना बोलावलं नाही. जूनमध्ये निकाल लागल्यावर बक्षीसही त्यांनीच दिलं, दोन्ही हातांनी. ज्यांना यात खलनायक हवा असतो, त्यांची इथं निराशा होते.

दुसऱ्या दिवशी अकरावीतल्याच एका मुलाला जी.एस. नेमलं. नाटिका जुन्या प्रवेशासह करायची ठरली. मी काम सोडलं, ती मुलगीही बाहेर पडली, आमच्या जागी दोघी आल्या.

स्नेहसंमेलन १२ जानेवारीला होतं. १० तारखेला ताश्कंदचा करार झाला, आणि ११ला सकाळी रेडिओवर कळलं की शास्त्रीजी रात्रीच तिथं वारले. शाळा भरली, प्रार्थना झाली, सुटली. मांडवाचे बांबू रोवून झाले होते, ते उपटले. दुखवटा संपेपर्यंत आमची परीक्षा तोंडावर आली आणि त्या वर्षी स्नेहसंमेलन झालंच नाही. जुना प्रवेश कुणी बघितला नाही, नवाही नाही. त्या मुलीच्या आईचा सत्कार पुढं कधीतरी हेडसरांच्या खोलीत झाला, चार शिक्षकांसमोर.

म्हणजे ज्या प्रवेशासाठी मी बिल्ला दिला तो होणारच नव्हता. मग पंधरा दिवस गप्प बसले असते तर नाव फळ्यावर असतं, हे तुम्ही मला सांगू नका. मला ते तेव्हापासून ठाऊक आहे. माझ्या वर्गातला एक जण दर भेटीत म्हणतो, "थोडी थांबली असतीस तर?" शास्त्रीजी जाणार होते म्हणून मी थांबायला हवं होतं का? डिसेंबरात मला जे माहीत होतं त्यावरच मी वागणार ना!

तिशीत ही गोष्ट मी फार ताठ मानेनं सांगायचे. लेकीला सांगितली तेव्हा त्यात हेडसरांचं जोडव्याबद्दलचं काही नव्हतं. एक हट्टी माणूस आणि एक धीट मुलगी, एवढंच होतं. नोकरीत युनियनचं काम करायला लागल्यावर मी त्या धीट मुलीशी भांडायला लागले. बोलणी मोडायची नसतात, उद्या पुन्हा जायचं असतं, खुर्ची सोडली की ज्यांच्यासाठी सोडली त्यांचं म्हणणं मांडायला कुणी उरत नाही, हे मी लोकांना शिकवत होते. पण ती मुलगीही गप्प बसत नाही. ती म्हणते, बिल्ला लावून मी जुन्या प्रवेशाची तालीम घेतली असती तर मला मत देणाऱ्या मुलींच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला असता? यावर युनियनवाल्या बाईकडे उत्तर नाही.

आणि तिसरी बाजू आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. नाटिकेत आईचं काम करणारी ती मैत्रीण पुढं नर्स झाली, मिरजेला. कितीतरी वर्षांनी आम्ही तिच्या घरी बसलो होतो, नातवाला भरवता भरवता ती म्हणाली, "तू बिल्ला दिलास. मला कुठं कुणी विचारलं? मी जुनं पण केलं असतं की. मला आईच्या म्होरं येकदा उभं ऱ्हायचं हुतं." मी म्हटलं, "अगं, तूच तर म्हणालीस ना, तार अशी वाचत नाहीत." ती म्हणाली, "म्हणाले. पन न्हाई वाचली तशी, तरी चाललं असतं." मला ते पटलेलं नाही. ते तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की टोचावं म्हणून, तेही समजलेलं नाही. तिच्याशी हा वाद मी घालत राहीन म्हणत होते, पण गेल्या पावसाळ्यात ती गेली.

तर समितीला विनंती. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत डबे मोजले, हिशेब दिला, निरोप समारंभ पार पाडला तो त्या मुलानं. नाव त्याचंच राहू द्या. शेजारी माझं घालू नका, कंसात तर मुळीच नको. माझं नाव ज्या फळ्यावर आहे तिथं ते मार्कांनी आलंय, तेवढं मला पुरे, असं म्हणवत नाही, पण दुसरीकडे ते खोटं पडेल.

त्यापेक्षा एक शोधा. चित्रकलेच्या सरांची नाटिकेची वही निळ्या पुठ्ठ्याची होती, दोनशे पानी. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कागदपत्रं शाळेत दिली होती, असं त्यांच्या मुलानं मला सांगितलं. शेवटचा प्रवेश तिच्यात दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आहे. समारंभात करायचा असेल तर दुसरा करा, आणि पोस्टमनला सांगा, ते वाक्य मोठ्यानं म्हणू नकोस.