कोबीच्या वाफ्यात चुना? आपल्या काळ्या मातीत नको!

माती तपासणीचं काम करते मी, नागपूर आणि आजूबाजूच्या गावांत. नमुना घ्यायचा, लॅबमध्ये द्यायचा आणि रिपोर्ट आला की काय टाकायचं, काय नाही ते समजावून सांगायचं. पण हिंगण्याकडच्या त्या प्लॉटवर रिपोर्टची वाट पाहायला वेळच नव्हता.

ऑक्टोबर लागला होता, पाऊस नुकताच थांबलेला. रिटायर्ड काकांची घरामागे गुंठाभर जागा, त्यात पत्ताकोबी, फुलकोबी आणि थोडी ब्रोकोली लावायची होती. मी पोचले तर गडी कळीच्या चुन्याचं पोतं फोडत होता, मी फाटकातूनच ओरडले, "भाऊ, थांबा थांबा!"

काका म्हणाले, "अवो मॅडम, कोबीले चुना तर लागतेच ना, व्हिडिओत सगळे सांगतेत."

सांगतात ते खोटं नाही, पण ते आंबट मातीसाठी आहे. अशा मातीत कोबीच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग जोर धरतो आणि चुन्याने पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) सातच्या वर नेला की तो बराच दबतो. इंग्लंडातले बागवाले म्हणूनच चुना टाकतात, आपल्याकडे दार्जिलिंग, निलगिरीच्या डोंगरात त्याची गरज पडते. पण नागपूरची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी, तिला आणखी चुना कशाला?

तोंडी सांगून पटणार नाही हे दिसतच होतं. गड्याला म्हटलं फूटभर खोल खणा, तर खालून पांढरे खडे निघाले, चुनखडीचे. बॅगेतलं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड काढलं आणि एका खड्यावर दोन थेंब टाकले, तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. काका खालीच बसले बघायला, काकूंना हाक मारली, "ये इकडे, पाय!" मग मला म्हणाले, "म्हणजे चुना आधीचाच आहे इथं?" होय, आणि भरपूर. मीटर लावला तर पीएच 8.2.

असल्या मातीत वरून चुना गेला की जस्त, लोह, स्फुरद आणखीच अडकतात, मातीत असूनही झाडाला मिळत नाहीत. बोरॉनचंही तेच, आणि फुलकोबीला बोरॉन कमी पडलं की दांडा आतून पोकळ होतो, गड्डा तपकिरी पडतो आणि आपण बसतो औषधं फवारत. चुलीची राख टाकायची पद्धत आहे आपल्याकडे, ती पण अशा मातीत मी नकोच म्हणते, कारण तीही पीएच वाढवते. मला खरंच वाईट वाटतं, लोक इतक्या हौसेने, पैसे खर्चून मातीला नको तेच देतात. पोती काकांच्या भावाकडे काटोलला पाठवा म्हटलं, संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावायला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी लागतं, तिथे तो सोन्यासारखा कामी येतो.

मग खरं काम. आधी वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी सुकली का, ते पाहिलं, माती मुठीत दाबून गोळा केला, खाली टाकला तर चिकटूनच राहिला. अशा ओल्या काळ्या मातीत फावडं मारलं की ढेकळं होतात, ती वाळली की फुटता फुटत नाहीत, म्हणून काही दिवस थांबायलाच सांगितलं. गोळा पडून फुटला की खणायचं, गुंठ्याला 200 ते 250 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळायचं, कच्चं अजिबात नको, हुमणी आणि उधळी लागते. पाणी मुळाशी साचू नये म्हणून गादीवाफे. बोरॉनसाठी बोरॅक्स, गुंठ्याला फक्त 100 ग्रॅम, तेही बारीक मातीत कालवून सगळीकडे सारखं, कारण जास्त झालं तर तेच विष होतं. रोप लावल्यावर बुडाशी माती हाताने घट्ट दाबायची, गड्डा जड होतो आणि सैल मातीत रोप कलंडतं.

निघताना काकूंनी विचारलं, मागच्या वर्षी एका कोपऱ्यात मुळा होता, तिथे लावली तर चालेल का. नाही चालणार, मुळा आणि मोहरी कोबीच्याच कुळातले, घाण्या रोगाचे (ब्लॅक रॉट) जंतू जुन्या अवशेषांत राहतात. त्या कोपऱ्यात मेथी टाकायचं ठरलं.