तुम्ही विचारलेत म्हणून: शनिवारी मी चर्चमध्ये काय करते?

‘काहून जाता जी तुम्ही तिकडे?’ हा प्रश्न मला शेजारच्या काकूंनी, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी आणि खुद्द माझ्या दिरांनीही विचारून झाला आहे. मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती बसतो, आणि तरीही दर शनिवारी संध्याकाळी मी सदरमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये जाते. परदेशातून नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी तिथे एक मंडळ चालते. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, जो सहसा कोणी उघडपणे विचारत नाही: तिथे धर्मांतर तर करत नाहीत ना?

ही शंका अगदीच हवेतली आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये, म्हणजे भोसल्यांचे राज्य असताना, स्कॉटलंडहून इथे आले ते मिशनरी म्हणूनच; शाळा, जीवाश्म आणि गोंडांविषयीच्या नोंदी हे सगळे त्यानंतरचे. आमच्या मंडळात मात्र पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते की उपासना रविवारी आणि चर्चमध्ये, शनिवारी हॉलमध्ये फक्त चहा. सुदानचे मुस्लिम विद्यार्थी, दीक्षाभूमीच्या ओढीने आलेले बौद्ध आणि इथियोपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असे सगळे त्या चहाला असतात. इथियोपियन मुलांच्या ईस्टरपूर्वीच्या ५५ दिवसांच्या उपवासात दूधही वर्ज्य असते, म्हणून तेवढे दिवस त्यांच्यासाठी काळ्या चहाचे वेगळे पातेले चढते. त्यातल्या एकाने पाळकसाहेबांच्या हातातला दुधाचा चहा पाहून, ‘आपला उपवास सुटला का?’ असे अत्यंत आदराने विचारले, तेव्हा धर्माविषयी त्या हॉलमध्ये झालेली सर्वांत मोठी चर्चा झाली आणि तीत पाळकसाहेब हरले.

मी तिथे पोचले ती एका फॉर्ममुळे. आमची वरची खोली एका परदेशी विद्यार्थ्याला दिल्यावर कळले की परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, आणि त्याचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर त्याने स्वतःही आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. त्या नोंदणीला पत्त्याचा पुरावा लागतो, पुराव्यासाठी भाडेकरार लागतो, आणि ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून खोली द्यायलाच घरमालक तयार नसतो. चर्चला जाणारी माझी एक मैत्रीण या कागदांत मुरलेली होती. तिने मला शिकवले, आणि आता मी इतरांना शिकवते. मंडळाचे निम्मे काम हे असे आहे, आणि बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या बाईला ते जमण्यासारखे आहे.

उरलेले निम्मे काम समजायला आम्हाला वेळ लागला. पहिले काही महिने आम्ही आलेल्या प्रत्येकाचे शाल-श्रीफळ देऊन स्वागत करत होतो, फोटो काढत होतो, भाषणे करत होतो आणि उठायला लागलेल्या माणसाला खांदा धरून पुन्हा खुर्चीवर बसवत होतो. दिवाळीनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. तिसऱ्या दिवशीही राहील त्या पाहुण्याची अक्कल गेली असे आपल्याकडे म्हणतात. या मुलांना तर इथे तीन-चार वर्षे काढायची होती, आणि इतका काळ पाहुणा म्हणून राहणे कोणालाही अवघडच आहे. एका शनिवारी कप धुणारी बाई आली नाही, तेव्हा दोन मुली न विचारता मोरीशी बसल्या आणि त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्यांदा मोकळे हसणे ऐकू आले. तेव्हापासून शाल बंद झाली. आता पोह्यांचे कांदे कोणी चिरायचे यावरून भांडणे होतात.

कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे त्यांना आम्ही शिकवतो, कारण पुस्तकी मराठी घेऊन गोकुळपेठेच्या बाजारात गेलेला मुलगा ‘सांबार पाहिजे काय?’ असे ऐकून हॉटेल शोधत बसतो. सगळेच इतके सोपे नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून आलेल्या एका मुलाने मला विचारले की, रोगराई घेऊन जाणारी ती बाई काळी का रंगवतात? पिवळीही असते, असे मी घाईघाईने सांगितले. मग त्याने शांतपणे सांगितले की सिटी बसमध्ये त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राहते. त्यावर माझ्याकडे काहीच उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. तो पुढच्या शनिवारी आला, याचे मात्र मला फार बरे वाटले.

मे महिन्यात हॉल ओस पडतो, कारण पारा ४५ अंशांवर गेला की ज्यांना शक्य असते ते आपापल्या देशी जातात. जाताना शिक्षण पूर्ण झालेला मुलगा आपला कूलर नव्याने येणाऱ्यासाठी चर्चच्या कोठीत ठेवून जातो. त्यातला एक जुना पत्र्याचा कूलर टांझानिया, येमेन आणि इथियोपिया अशा तीन देशांच्या हातांतून गेला आहे आणि प्रत्येकाने त्याच्यावर आपापल्या लिपीत नाव लिहिले आहे. यंदा आमच्या घरचा कूलर ऐन मे महिन्यात बंद पडला, तेव्हा वरच्या खोलीतल्या मुलाने मला न विचारता कोठीतला तो पत्र्याचा कूलर ऑटोत घालून आणला. सध्या तो आमच्या बैठकीत आहे. प्रश्न विचारायला आलेले माझे दीर त्याच्याच समोर बसले होते.