बोरामाची बैठक आणि वजीरचा बाजार

सोमालिया म्हटलं की आपल्याला चाचे, दुष्काळ आणि मोगादिशूत पडलेलं अमेरिकेचं हेलिकॉप्टर एवढंच आठवतं. पण त्याच 1993 साली उत्तरेकडं, सोमालियापासून वेगळं झाल्याचं 1991 ला जाहीर केलेल्या सोमालीलँडमधल्या बोरामा गावात वेगवेगळ्या कुळांची जाणती माणसं चार-पाच महिने ठाण मांडून बसली होती, खर्च बराचसा तिथल्याच लोकांनी उचलला, आणि उठली ती थेट राष्ट्राध्यक्ष निवडून, इगाल नावाचे, आणि जाणत्यांचं एक वरचं सभागृह ठरवूनच. त्याला गुर्ती म्हणतात. तिकडं मोगादिशूतून युनोचं सैन्य 1995 ला काही न जमवता परत गेलं. पैसा कुणाकडं जास्त होता ते सांगायला नको.

मला यातली लई आवडलेली गोष्ट म्हणजे वेळ. बाहेरचा माणूस आला की प्रोजेक्ट असतो, मार्च एंड असतो, रिपोर्ट असतो. बोरामात रुसलेला माणूस परत येईपर्यंत थांबायची सोय होती.

आता लगेच "बघा, गावचं गावातच मिटवावं" म्हणू नका राव. त्या गुर्तीची थेट निवडणूक आजवर झालेली नाही, मुदत वाढवतच नेतात, बाप गेला की जागा घरातच, आणि बाया जवळपास नाहीतच. 2023 ला सोमालीलँडच्या पूर्वेकडच्या लासअनोद शहरात लढाई पेटली ती पेटलीच.

म्हणून मला शेजारच्या केनियातलं, सोमाली कुळांचीच वस्ती असलेलं वजीर जास्त पटतं. तिथं कुळांच्या भांडणात बाजारात एकमेकांना माल विकणं बंद झालं, तेव्हा सगळ्या बाजूच्या बायकाच एकत्र आल्या आणि कुणालाही विकत घेऊ-विकू द्यायचं यावर लक्ष ठेवायला लागल्या. त्यात देखा इब्राहिम अब्दी होत्या, पुढे 2007 ला त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात तो, मिळाला. आणि त्या तिथंच थांबल्या नाहीत, म्हातारे, तरुण पोरं, पोलीस, सरकारी अधिकारी सगळ्यांना धरून 1995 ला एक शांतता समितीच केली.

आमच्या सोलापूरकडं तंटामुक्ती समित्या गावोगाव झाल्या, 2007 ला सरकारनंच मोहीम काढली होती, बक्षीस पण होतं. कल्पना चांगलीच होती हो. पण बक्षीस वरून येणार म्हटल्यावर तंटा कुणासाठी मिटवायचा हेच बदलतं, असं माझं मत. वजीरच्या बायकांना बक्षिसाशी घेणं नव्हतं, उद्या बाजार भरला नाही तर घरात खायला काय, एवढाच प्रश्न होता.