शंभर बिया, दहा रांगा

(माजी विद्यार्थिनी, दहावी 2006)

शाळेचं नाव निघालं की मला आधी ओल्या गोणपाटाचा वास येतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, वार्षिक परीक्षा संपलेली, निकाल लागायचा, आणि आठवीच्या वर्गामागच्या पडवीत सावलीला ओळीनं ठेवलेल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या. प्रत्येकीला सुतळी, सुतळीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाव. त्यातली एक माझी, म्हणजे आमच्या घरच्या सोयाबीनची.

विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं, पेरणीसाठी ठेवलेल्या पोत्यातून मूठभर बी आणा. निवडून आणू नका. वरचं, मधलं, तळाचं, तिन्ही ठिकाणचं घ्या. त्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा रांगा मांडायच्या, दोन दाण्यांत बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडायची, वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचं आणि अलगद गुंडाळायचं. पाणी शिंपडायच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या होत्या.

आमच्या लातूरकडं तेव्हा शिवारभर सोयाबीन झालं होतं आणि पुष्कळ घरांत बी घरचंच असायचं. सोयाबीनचं बी राखून पुन्हा पेरता येतं, त्यात वावगं काही नाही. पण त्याचं टरफल फार पातळ. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोतं गाडीवरून आपटलं किंवा थप्पीत खाली दबलं, की आतला कोंब दुखावतो. दाणा वरून मात्र धडधाकट दिसतो. सातव्या दिवशी गुंडाळी सोडली तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. एका दाण्याला बोटभर लांब पांढराशुभ्र मोड, शेजारच्याला नुसती बुरशी. मी तीनदा मोजले. 62.

सरांनी फळ्यावर त्रैराशिक मांडायला लावलं. 100 तले 70 उगवत असतील तर एकरी 30 किलो बी लागतं. 62 उगवले तर किती? 30 गुणिले 70, भागिले 62. उत्तर आलं 33.87, म्हणजे 34 किलो. एकरामागं चार किलो जास्त.

आता हे घरी सांगायचं होतं. त्यासाठी सरांनी वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करायला लावले होते. डावीकडं ‘शाळेत काय कळलं’, उजवीकडं ‘घरी काय म्हणाले’. उजवा रकाना कोरा आला तर गृहपाठ अपुरा. आज शेतकऱ्यांपुढं बोलणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि त्या उजव्या रकान्याची किंमत मला आता पुरती कळते. तो भरायचा तर समोरच्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

दादा म्हणाले, “शंभर दाण्यांनी पोत्याचं काय कळतंय गं?” मी ते तसंच लिहिलं. आज्जी म्हणाली, “बी दातांखाली धरून बघावं, कट्‌ वाजलं तर वाळलं.” तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी आज्जीचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. बियात ओल राहिली की ते साठवणीत खराब होतं. आजीबाईंना सांग, त्यांचं वर्गाला सांगितलं.” आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती उठून दादांकडं गेली आणि म्हणाली, “पोरगी म्हणती तसं चार किलो वाढव.” दादांनी वाढवलं.

शेजारच्या अप्पांचं मात्र अवघड झालं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, आणि त्यांचे 38 च उगवले. एवढं कमी उगवणारं बी कितीही वाढवलं तरी पेरू नये, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तो बिचारा घरी जायलाच तयार नव्हता. सर स्वतः त्याच्याबरोबर गेले, पण बोलू दिलं त्यालाच. अप्पा भडकले, “शाळेत पोरं शिकवा, आमचं बी कशाला उकरता!” सर काही बोलले नाहीत. पोरानं ओट्यावर गुंडाळी सोडली, अप्पांना बसवलं आणि म्हणाला, “तुम्हीच मोजा.” अप्पांनी मोजले. मग पोत्याची थप्पी पत्र्याखाली कशी लावली होती ते आपणहून सांगू लागले. ते पोतं त्यांनी पेरलं नाही. पुढच्या एप्रिलला मात्र कुणी न सांगता फडक्यात बी बांधून वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

याच सरांनी आम्हाला पिकावर फवारायच्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण वाचायला शिकवलं. हिरवा सगळ्यांत कमी विषारी, मग निळा, मग पिवळा. लाल सगळ्यांत जहाल. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण रंग येत होता. लाल त्रिकोणाचा डबा तिनं त्या दिवशी ज्वारीच्या कणगीशेजारून उचलून गोठ्यातल्या उंच फळीवर, पोरांच्या हाताबाहेर ठेवला.

मी आता कृषी विभागात गावपातळीवर काम करते. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पूर आला. दुबार पेरणीची पाळी आलेल्या माणसाच्या बांधावर उभं राहणं फार जड असतं. बियाणं, डिझेल, मजुरी दुप्पट, आणि ओल निघून चाललेली. पुढच्या मे महिन्यात मी ठरवलं, आपल्याला शाळेनं दिलं तेच पोरांच्या हाती द्यायचं. करोनामुळं शाळा बंद होत्या, म्हणून फोनवरूनच सांगितलं. 100 दाणे, दहा रांगा, वहीचं पान उभं दुमडा. अंगणाअंगणांतून गुंडाळ्यांचे फोटो येऊ लागले.

त्यात सातवीतल्या एका मुलीच्या वहीचा फोटो होता. डाव्या रकान्यात 66. उजव्या रकान्यात लिहिलं होतं, “आजोबा म्हणाले, परत मोज.” आणि त्याखाली, वेगळ्या पेननं, “परत मोजले. 66 च. आता आजोबा मोजत आहेत.”